माळढोक आणि रानपिंगळा : लाल यादीतला बदल नेमका कसा वाचावा?

विज्ञानशिक्षिका :

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. यंदा अकरावीच्या दोन विद्यार्थिनींनी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी माळढोक हा माळरानावरचा मोठा पक्षी आणि रानपिंगळा हे जंगलातले छोटे घुबड, या दोन पक्ष्यांची तुलना करायला घेतली आहे. दोन्ही पक्षी आपल्या राज्याशी जवळून जोडलेले आणि दोन्ही दुर्मीळ, म्हणून मीही आनंदाने होकार दिला.

अडचण पुढे आली. आमच्या ग्रंथालयात २०१४ सालचे एक पुस्तक आहे, त्यात दोघांच्याही नावापुढे 'अतिसंकटग्रस्त' असे छापले आहे. आजच्या जागतिक लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या यादीत, माळढोक त्याच वर्गात आहे, रानपिंगळा मात्र एक पायरी उतरून 'संकटग्रस्त' वर्गात आलेला दिसतो. मुलींनी त्यावरून लिहून टाकले की रानपिंगळ्यांची संख्या वाढली, त्याचे संवर्धन यशस्वी झाले आणि माळढोकाचे फसले. वाक्य सुटसुटीत आहे आणि परीक्षकांना ते आवडेलही, पण मला ते खुपते आहे. का खुपते, ते मुलींना पटेल असे सांगता येत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

दुसरी शंका अशी की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघेही आहेत, म्हणजे कायद्याने दोघांना सारखेच संरक्षण आहे. तरीही माळढोकासाठी हजारो चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले आणि रानपिंगळ्याच्या नावाने काहीच झाले नाही. मग आज ज्याला अभयारण्य मिळाले तोच राज्यातून जवळजवळ नाहीसा कसा झाला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तृणपाते :

ताई, तुम्हाला खुपते आहे ते योग्यच आहे. मुलींच्या वाक्यातला उत्तरार्ध बराचसा खरा आहे, पूर्वार्ध मात्र चुकीचा आहे, आणि ही चूक वर्तमानपत्रेही वारंवार करतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, लाल यादी एकच प्रश्न विचारते : आज हातात असलेल्या माहितीवरून ही प्रजाती नजीकच्या काळात नामशेष होण्याची शक्यता किती? त्यासाठी आकड्यांचे उंबरठे ठरवलेले आहेत. गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के किंवा त्याहून अधिक घटली तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, असा एक निकष आहे. दुसरा निकष प्रौढ, म्हणजे प्रजननक्षम पक्ष्यांच्या संख्येचा आहे. ती २५० हून कमी असून घटतच असेल, तर इतर काही अटींसह पक्षी वरच्या वर्गात जातो. माळढोकाचा सध्याचा अंदाज ५० ते २४९ प्रौढ पक्षी असा दिला जातो आणि रानपिंगळ्याचा २५० ते ९९९ असा. दोघांच्या मधून २५० ची रेघ नेमकी कशी गेली आहे ते मुलींना फळ्यावर काढून दाखवा, अर्धा उलगडा तिथेच होईल.

उरलेला अर्धा उलगडा असा की रानपिंगळ्याचा वर्ग २०१८ साली बदलला तो पक्षी वाढले म्हणून नव्हे. दरम्यानच्या काळात लोक शोधत गेले, पूर्वी माहीत नसलेल्या ठिकाणी पक्षी सापडत गेले, आणि आधीचा अंदाज फार कमी धरला होता हे लक्षात आले. लाल यादीत वर्ग बदलतो तेव्हा तो प्रत्यक्ष स्थिती बदलल्यामुळे बदलला की माहिती सुधारल्यामुळे, याची वेगळी नोंद केली जाते. रानपिंगळ्याचा बदल दुसऱ्या प्रकारचा आहे. संख्या घटतच आहे असे त्याच मूल्यांकनात म्हटले आहे, ही गोष्ट मात्र बातम्यांतून गळून जाते. घरातली हरवलेली नाणी सापडली म्हणून पगार वाढला असे आपण म्हणत नाही, इतके सोपे करून सांगितले तरी मुलींना कळेल.

या पक्ष्याचा इतिहासच असा आहे की त्याच्याबद्दलचे अज्ञान आणि त्याचे दुर्मीळपण यांची सतत गल्लत होत आली. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात तो मिळवला आणि १८७३ साली पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मोजके सात नमुने संग्रहालयांत जमा झाले. शेवटचे नमुने १८८४ साली जेम्स डेव्हिडसन यांनी आपल्या खानदेशात, शहाद्याच्या परिसरात मिळवले. त्यानंतर १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात होता, आणि त्या चिठ्ठीवर विसंबून पुढच्या शोधकांनी नको तिथे पायपीट केली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा दिसले की तो डेव्हिडसन यांचाच पक्षी होता, ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या गावांवरून शोध घेतला गेला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! एका चोरीने एक पक्षी इतकी वर्षे 'नामशेष' ठरावा, ही गोष्ट प्रकल्पात जरूर घालायला सांगा. अकरावीच्या मुलांना निकषांपेक्षा हीच लक्षात राहील.

माळढोकाची कथा याच्या अगदी उलट आहे. तो कधी हरवला नव्हता. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उघड्या माळावर चालणारा पक्षी कुणाच्या नजरेतून सुटेल? १९६९ च्या सुमारास त्यांची संख्या सुमारे १२६० असावी असा अंदाज होता. २००८ पर्यंत तो ३०० वर आला आणि आता दीडशेच्याही खाली धरतात. म्हणजे रानपिंगळ्याचा आकडा वाढला तो आपले डोळे उघडल्यामुळे, आणि माळढोकाचा घटला तो आपल्या उघड्या डोळ्यांदेखत. २०११ साली माळढोक 'संकटग्रस्त' मधून 'अतिसंकटग्रस्त' मध्ये गेला, तो बदल मात्र प्रत्यक्ष घटीमुळेच झाला.

कायद्याबद्दल थोडे. पहिल्या अनुसूचीत नाव असणे म्हणजे शिकार, पकडणे, व्यापार यांना बंदी आणि मोडल्यास तीन ते सात वर्षांची कैद व किमान २५ हजार रुपये दंड. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची संख्या कमी झाली, पण हे दोन्ही पक्षी पहिल्या अनुसूचीतच आहेत. मात्र आज या दोघांपैकी कुणीही प्रामुख्याने बंदुकीमुळे मरत नाही. पूर्वी माळढोकाची शिकार जीपमधून होई, ते खरे आहे. आता प्रश्न त्यांच्या राहण्याच्या जागेचा आहे, आणि अनुसूची पक्ष्याला संरक्षण देते, त्याच्या पायाखालच्या जमिनीला देत नाही. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तिथे दडले आहे. रानपिंगळ्याचे सागाचे जंगल सरकारदफ्तरी 'वन' आहे. माळढोकाचे माळरान त्याच दफ्तरात 'पडीक' आहे, आणि पडीक म्हटले की ते कुणीतरी कसले पाहिजे, कुणीतरी त्यावर झाडे लावली पाहिजेत, नाहीतर कारखाना आणला पाहिजे, असे सर्वांनाच वाटू लागते.

सातपुडाकर :

वरच्या उत्तरात इतिहास छान आला आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे, त्यामुळे रानपिंगळा हा आमच्याकडचा पक्षी असे मानण्याची सवय आहे, ती थोडी बाजूला ठेवून लिहितो.

पहिली गोष्ट ओळखीची, कारण प्रकल्पात चुकीचे छायाचित्र लागण्याची शक्यता फार मोठी आहे. गावाच्या पिंपळावर, जुन्या भिंतीच्या बिळात दिसतो तो ठिपकेवाला पिंगळा. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचे नाव ज्याच्यावरून पडले, तोही तोच. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी असते, खाली पोट स्वच्छ पांढरे, पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय तो दिवसा उजेडी वावरतो. घुबड म्हणजे निशाचर, हे पाठ झालेल्या मुलांना याचे विशेष नवल वाटते.

एका डिसेंबरात तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात आम्ही तिघे सकाळी आठच्या सुमारास उभे होतो. सागाची पाने गळायला लागली होती आणि पायाखाली ती इतकी वाजत होती की बोलायची गरज असली तरी थांबून बोलावे लागत होते. समोर एका वठलेल्या फांदीच्या टोकावर रानपिंगळा उन्हाकडे तोंड करून बसला होता आणि शेपटी दोन्ही बाजूंना झटकत होता, घड्याळाचा लंबक मधूनच घाईला यावा तशी. पाच-सात मिनिटांनी तो सरळ खाली झेपावला, पानांत खसखस झाली, आणि वर आला तेव्हा चोचीत सापसुरळी होती. त्याने ती लगेच खाल्ली नाही. शेजारच्या झाडाच्या ढोलीपर्यंत गेला, आत दिली आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसला. मला त्या दिवशी समजले की या पक्ष्याला तीन गोष्टी एकत्र लागतात : ढोली असलेले जुने झाड, बसायला मोकळी फांदी आणि खाली फार दाट नसलेली जमीन, जिथे सरडे, सापसुरळ्या, उंदीर दिसतील. जंगल म्हणून हिरवे दिसले की तिथे रानपिंगळा राहील, असे नाही. कोवळी सागवाने कितीही लावली तरी त्यांना ढोली यायला कित्येक वर्षे जावी लागतात.

आता 'रानपिंगळ्यासाठी काही झाले नाही' याविषयी. त्याच्या नावाने नाही झाले हे खरे, पण तो मेळघाटात राहतो, यावल अभयारण्यात राहतो, मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूर भागात सापडला, २०१४ मध्ये तर थेट तानसा अभयारण्यात सापडला. तानसा म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या काठी. तिथे तो असेल असे कुणाला वाटले नव्हते. पुढे गुजरातेतल्या पूर्णा अभयारण्यातही नोंद झाली. म्हणजे वाघासाठी, पाण्यासाठी किंवा नुसत्या सागासाठी राखलेल्या रानात त्याला आयता निवारा मिळाला. पाहुण्यासारखा राहतो आहे म्हणा ना.

पण यावरून तो सुरक्षित आहे असे मुलींनी लिहू नये. त्याच्या जागा एकमेकांपासून तुटलेल्या आहेत. एका तुकड्यातले पक्षी दुसऱ्या तुकड्यात जाताना मधली उघडी शेते आणि रस्ते पार करायला धजत नाहीत, निदान तसे फारसे दिसत नाही. पायथ्याच्या सपाट भागातले सागाचे पट्टे, जिथे पूर्वी त्याच्या नोंदी होत्या, ते शेतीसाठी साफ होत गेले. दरवर्षी उन्हाळ्यात वणवे लागतात आणि ढोल्या असलेली वाळकी झाडेच सर्वांत आधी पेटतात, सरपणालाही तीच आधी जातात. शिवाय घुबडाविषयीची अंधश्रद्धा आहेच. दिवाळीच्या आसपास घुबडांची तस्करी वाढते आणि त्यात हा लहानसा पक्षीही सापडू शकतो. माझ्या माहितीतले पावरा आणि भिल्ल मित्र हा पक्षी आम्हा शहरी हौशी मंडळींपेक्षा कितीतरी आधी आवाजावरून ओळखतात. १९९७ चा शोध 'जगाला' लागला, त्यांच्यासाठी तो पक्षी कधी हरवलेलाच नव्हता, असे मला नेहमी वाटते.

कोरडवाहू :

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला शेतकरी आहे. माळढोकाविषयी बोलणारे बहुतेक लोक पाहुणे असतात, म्हणून यजमानाची बाजूही नोंदवावी असे वाटले. लिहिण्यात कडवटपणा आला तर समजून घ्यावे.

माझ्या लहानपणी वडील पावसाळ्यात मेंढरे घेऊन नान्नजच्या माळाकडे जात आणि मी मागे लागत असे. एकदा भल्या सकाळी त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवले. समोर पवन्याच्या गवतात एक नर माळढोक उभा होता. त्याने शेपटी पाठीवर उलटी उचलली, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवली, ती जवळजवळ त्याच्या पायांपर्यंत लोंबायला लागली, आणि मग तो आवाज आला. तो कानाने ऐकण्यापेक्षा छातीत अधिक जाणवतो. काही भागांत या पक्ष्याला 'हूम' म्हणतात, ते का, हे एकदा ऐकले की विचारावे लागत नाही. आमच्या भुईमुगात तो उतरायचा तेव्हा वडील त्याला हाकलत नसत, कारण शेंगांपेक्षा नाकतोडे जास्त खातो असे त्यांचे म्हणणे होते. हे सगळे अभयारण्य नीट समजण्याच्या आधीचे.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर ठेवले गेले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. कागदावर हे फार भव्य दिसते. प्रत्यक्षात त्यात गावे होती, शहरांचे भाग होते, आमची सातबाऱ्यावरची शेते होती, आणि वन विभागाच्या ताब्यातली जमीन त्यामानाने चिमूटभर होती. पक्षी ज्या कुरणांत राहत होता ती कुरणे काही शे हेक्टरांच्या तुकड्यांत होती. उरलेल्या अवाढव्य क्षेत्रात पक्षी नव्हताच, पण निर्बंध होते. मला एकदा शेतातल्या बांधकामाच्या ना-हरकत दाखल्यासाठी एका कार्यालयात वर्षभर खेटे घालावे लागले, आणि शेवटी 'माळढोकामुळे अडले आहे' एवढेच उत्तर मिळाले. असे हजारोंच्या बाबतीत झाले. ज्या पक्ष्याला वडील हाकलत नव्हते, त्याचे नाव आमच्या पिढीत शिवीसारखे घेतले जाऊ लागले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी झाले, पण तोवर मन उडाले होते आणि पक्षीही उडाले होते.

दुसरे कारण पाणी. उजनीचे पाणी आले, बोअर पाचशे-सहाशे फुटांवर गेले, आणि मालदांडी ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. नान्नजची द्राक्षे तर प्रसिद्धच आहेत. ज्वारी-भुईमुगाच्या, अधूनमधून पडीक ठेवलेल्या रानात माळढोक चालत येऊ शकतो. बारा महिने उभ्या उसात किंवा लोखंडी अँगल आणि तारांच्या मांडवाखाली तो कसा येणार? आम्ही उसाकडे वळलो यात माझ्या मते आमचा गुन्हा नाही. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पाणी दिसल्यावर थांबा असे कुणी म्हणू शकत नाही. कोरडवाहूच राहा आणि त्याबद्दल इतकी भरपाई घ्या, असे जर त्या काळात कुणी येऊन म्हटले असते, तर विचार केला असता. कुणी म्हटले नाही.

आणि जी कुरणे वन विभागाकडे होती, त्यांतही एके काळी गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे लावली गेली. माळावर झाड लावणे म्हणजे पुण्य, असे सर्वांनाच वाटत होते. मलाही वाटत होते, शाळेत असताना खड्डे मीही खणले आहेत.

तृणपाते :

कोरडवाहू यांचा प्रतिसाद ताईंनी प्रकल्पात जसाच्या तसा जोडावा, असे मी सुचवेन. त्याला फक्त एक दुजोरा देतो. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा नावाचे अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकासाठीच जाहीर झाले होते. तिथे काळविटांची संख्या वाढली, ते पिकांत घुसू लागले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने होती, आणि लोकांचा सगळा राग पक्ष्यावर निघाला. नव्वदच्या दशकात तिथून माळढोक नाहीसा झाला आणि अखेर २०२२ मध्ये ते अभयारण्यच रद्द करण्यात आले. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे डॉ. असद रहमानी यांनी करेरा, आंध्रातले रोल्लापाडू आणि आपले नान्नज अशा ठिकाणी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. तेव्हा या तीनही ठिकाणी पक्षी होते. आज एकाही ठिकाणी टिकाऊ संख्या नाही.

विज्ञानशिक्षिका :

सर्वांचे मनापासून आभार. मुलींना तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. कोरडवाहू दादांचे वाचल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होता. त्यातल्या एकीच्या घरी ऊसच आहे.

त्यांनी आता आणखी दोन प्रश्न विचारले आहेत. राजस्थानात माळढोकाची पिल्ले केंद्रात वाढवली जात आहेत असे त्यांनी वाचले. ती पिल्ले धरून संख्या वाढली असे म्हणता येईल का? आणि त्यांतली काही नान्नजला आणून सोडता येतील का?

तृणपाते :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : नाही. लाल यादीच्या मोजणीत मोकळ्या निसर्गात राहणारे पक्षीच धरतात. २०१९ पासून जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानातून अंडी उचलून सम येथे कृत्रिमरीत्या उबवायला सुरुवात झाली, पुढे रामदेवरा येथे दुसरे केंद्र झाले. भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थानचा वन विभाग आणि केंद्रीय मंत्रालय मिळून हे काम करतात. केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या २०२५ मध्ये साठाच्या पुढे गेली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले, ही तर खरोखर मोठी कामगिरी आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, कुत्रे, कोल्हे, मुंगूस यांच्या तावडीत. हे लक्षात घेतले तर केंद्रात अंडे सुरक्षित उबवण्याचे महत्त्व कळते. पण ही बँकेतली ठेव आहे. व्यवहारात आलेला पैसा नव्हे.

ठेव व्यवहारात आणायची तर जागा लागते, आणि राजस्थानातही जागेचा प्रश्न सुटलेला नाही. तिथे ऊस नाही, तिथे विजेच्या तारा आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे खूप दिसते, नेमके समोरचे कमी दिसते. अंग जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही, आणि पवनचक्क्या व सौर प्रकल्पांच्या तारांवर तो आदळतो. थर वाळवंटाच्या परिसरात तारांमुळे वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. दीडशे पक्ष्यांतून अठरा, हा हिशोब मुलींनाच करू द्या. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर, मोठ्या क्षेत्रातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन कोणत्या क्षेत्रात काय करायचे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली, कारण अपारंपरिक वीज हीदेखील हवामानासाठी गरजेची आहे, असा दुसऱ्या बाजूचा मुद्दा होता. इथे शिकारी किंवा लोभी ठेकेदार असा कुणी खलनायक सापडत नाही, दोन्ही बाजूंना पर्यावरणच आहे. वादविवाद स्पर्धेसाठी याहून चांगला विषय मिळणार नाही.

नान्नजबद्दल मला उतावीळ व्हावेसे वाटत नाही. गेल्या काही वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर तिथे एखादा पक्षी दिसला हीच बातमी होते. कच्छमध्ये नलियाच्या परिसरात हातावर मोजण्याइतक्या माद्या उरल्या आणि नर दिसेनासा झाला. अशा ठिकाणी बाहेरून पक्षी आणण्याचा विचार आधी होईल आणि तो रास्तही आहे, कारण तिथे निदान माद्या आहेत. आपल्याकडे आधी गवत लागेल. काही कुरणांतून लावलेली झाडे काढून गवत परत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत, काळवीट आणि लांडगा तिथे अजून आहेत, धाविक आणि चंडोल आहेत. माळ जिवंत आहे, हे एवढे मी खात्रीने सांगू शकतो. पण चार-दोन कुरणांवर माळढोक राहत नाही. तो भोवतालच्या शेतांतही हिंडतो, आणि ती शेते कोरडवाहू यांची आहेत.

कोरडवाहू :

माझी चार एकर अजून ज्वारीच आहे, बोअर आटले म्हणून. पक्षी आला तर हाकलणार नाही. मात्र त्याच्यामागून पुन्हा तसाच नकाशा आला, तर गावात मला तोंड दाखवता येणार नाही, हेही लिहून ठेवतो.

सातपुडाकर :

ताई, एक छोटी सूचना. मुली तक्ता करणारच असतील तर 'स्थिती' या एका रकान्याऐवजी तीन रकाने करायला सांगा : जगात स्थिती काय, महाराष्ट्रात काय, आणि तो जिथे राहतो ती जमीन दफ्तरात कोणत्या नावाने नोंदलेली आहे. पहिल्या रकान्यात माळढोक आणि रानपिंगळा यांच्यात एका पायरीचा फरक दिसेल. दुसऱ्यात तो फरक एकदम केवढा तरी होईल, कारण रानपिंगळ्याच्या ज्ञात जागांपैकी महत्त्वाच्या जागा आपल्याच राज्यात आहेत आणि माळढोक इथून जवळजवळ गेला आहे. तिसऱ्या रकान्यासाठी मात्र त्यांना तलाठी कार्यालयात जावे लागेल.

विज्ञानशिक्षिका :

तीन रकाने केले. मुलींनी पहिले वाक्य खोडून आता असे लिहिले आहे : 'रानपिंगळ्याविषयीची आपली माहिती वाढली, म्हणून त्याचा वर्ग बदलला, त्याची संख्या वाढल्याचा पुरावा नाही.' तिसऱ्या रकान्यासाठी त्या दोघी सोमवारी तलाठ्यांकडे जाणार आहेत. आमच्या गावाच्या गायरानाचीही नोंद काय आहे ते त्याच फेरीत बघून येतो म्हणाल्या.